मागच्या सीटवरचे प्राध्यापक

मी एक सायकल बोलतेय. एकट्याची नव्हे, दोघांची. एकामागे एक अशा दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. पुढचं हँडल वळतं, मागचं नुसतं धरायला असतं. सध्या माझा मुक्काम कासेल शहरात एका जिन्याखाली आहे. इथली माणसं चांगली आहेत. पण मनानं मी अजून मारबुर्गलाच आहे, लान नदीकाठच्या त्या अंगणात.

माझी गोष्ट म्हणजे खरं तर माझ्या मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाची गोष्ट. प्राध्यापक एगोन वाइत्सेल. तत्त्वज्ञानाच्या जाडजूड पुस्तकांत, खालच्या टिपांत, त्याचं नाव अजून सापडतं म्हणे. ती पुस्तकं मला कोण वाचून दाखवणार? मला एवढंच ठाऊक आहे, की तो पायडल कसा मारायचा.

माझा जन्म लेम्मरच्या दुकानात झाला. लेम्मर सायकली दुरुस्त करायचा. एके दिवशी एक तरुण मुलगी आपली स्वतःची सायकल हातात धरून आली आणि म्हणाली, "ही कापायची आहे."

"चांगली चालती सायकल आहे, पोरी. हिनं तुझं काय घोडं मारलंय?"

"हिला मागे दुसरी अर्धी सायकल जोडायची. माझ्यामागे एकजण बसणार आहे. त्याला दिसत नाही."

लेम्मरने कानामागची पेन्सिल काढली. "नवरा-बायको एका सायकलवर, आणि तेही एकाच दिशेला? मोठं धाडस करतेयस बाई."

"नवरा नाही तो. मी त्याला पुस्तकं वाचून दाखवते."

"असंच सुरू होतं," लेम्मर म्हणाला आणि त्याने करवत उचलली.

ती आल्मूट. विद्यापीठात तीही तत्त्वज्ञानच शिकत होती, तिचाही प्रबंध निम्मा लिहून झाला होता. एगोनसाठी वाचायचं काम तिनं सहज म्हणून धरलं होतं. एगोन जवळच्या एका खेड्यातला. लढाई संपली त्या वसंतात शेतात त्याला काहीतरी चकचकीत सापडलं, आणि हात लावताच ते फुटलं. सोबतचा मित्र जागच्या जागी गेला आणि एगोनचे डोळे गेले. मग तो मारबुर्गच्या अंधशाळेत आला, बोटांनी वाचायला शिकला, इतका वाचत सुटला की शाळेतली पुस्तकं संपली. पण तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उठावाच्या ठिपक्यांत कोण छापणार? त्याला आवाज हवा होता. तो आल्मूटचा मिळाला.

पहिल्या दिवशी तो माझ्यावर बसला तेव्हा त्याने मागचं हँडल गच्च धरलं. पहिल्याच वळणाला तो उलट्या बाजूला कलला आणि आम्ही तिघंही गवतात.

"वळणार असशील तर आधी सांगत जा," कपडे झटकत तो म्हणाला.

"सांगत बसले तर वळण निघून जाईल. मी कलले की तू कल. विश्वास ठेव."

"विश्वास म्हणजे काय, यावरच तर प्रबंध लिहितोय मी."

"मग हा त्यातला अभ्यास समज. बस."

तो बसला. उन्हाळा संपेपर्यंत दोघं असे कलायला लागले, की मला कळूही नये मागचं कोण नि पुढचं कोण. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं.

ते दिवस मी कधी विसरणार नाही. नदीकाठच्या वाटेने आम्ही बंधाऱ्यापर्यंत जायचो. तिथे एक बाक होता. मला झाडाला टेकवून आल्मूट पिशवीतून ग्रंथ काढायची आणि वाचायला लागायची. वाचता वाचता थांबून म्हणायची, "हे मला पटत नाही हं." मग वाद. एगोन हात उडवून बोलायचा, ती शांतपणे एकच प्रश्न विचारायची आणि तो गप्प व्हायचा. पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न त्याच्या प्रबंधात उतरलेला असायचा. 'इथे कोणी असा आक्षेप घेईल की', अशी सुरुवात करून. एगोनच्या लिखाणातला तो 'कोणी' म्हणजे आल्मूट. तिचा स्वतःचा प्रबंध निम्म्यावरच राहिला. मैत्रिणीने विचारलं तर हसून म्हणाली होती, "एका घरात दोन प्रबंध मावत नाहीत गं." ते हसणं खरं होतं का, मला सांगता येणार नाही. मी तिचे हात ओळखायचे, चेहरा नाही.

एगोन डॉक्टर झाला. मग विद्यापीठात शिकवायचा अधिकार मिळावा म्हणून त्याने त्याहून जाड दुसरा प्रबंध लिहिला, तोही मान्य झाला. आणि मग सुरू झालं वाट बघणं. आमच्याकडे प्राध्यापकाची जागा मागून मिळत नाही, विद्यापीठाकडून बोलावणं यावं लागतं. एगोनला या गावी, त्या गावी व्याख्यानाला बोलवायचे. लोक टेबलावर बोटं वाजवून दाद द्यायचे, जेवू घालायचे आणि जागा दुसऱ्याला द्यायचे. एका ठिकाणी एकाने तोंडावर विचारलं, "पण वाइत्सेल, विद्यार्थ्यांचे पेपर तुम्ही तपासणार कसे?"

अशाच एका नकारानंतरची ती सकाळ. दाट धुकं होतं. माझं पुढचं चाक मला दिसेना. मागच्या पायडलवर पाय नुसते ठेवल्यासारखे होते. बऱ्याच वेळाने एगोनने विचारलं, "आज काय दिसतंय?"

रोज तो हे विचारायचा आणि रोज ती सांगायची. त्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं. आल्मूटचे हात हँडलवर क्षणभर घट्ट झाले. मग ती म्हणाली, "बगळा. राखाडी. पाण्यात एका पायावर उभा आहे. आणि पलीकडच्या काठावर एक म्हातारी लाल चादर वाळत घालतेय."

"एवढ्या धुक्यात चादर वाळत घालतेय?"

"म्हातारीच ती. तिला कोण समजावणार?"

एगोन हसला. त्याचे पाय फिरायला लागले. त्या दिवसापासून ज्या ज्या सकाळी नदीकाठ रिकामा असायचा, त्या त्या सकाळी तिथे कोणीतरी उगवू लागलं. मी साक्षीला होते. मला त्यात वावगं वाटलं नाही.

पुढे एगोनचं पहिलं मोठं पुस्तक आलं. 'ऐकून कळलेलं' हे त्याचं नाव. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दुसऱ्याच्या तोंडून कळलेलं ज्ञान हे डोळ्यांनी पाहिलेल्या ज्ञानाइतकंच अस्सल असतं. आपण सगळेच दुसऱ्याच्या शब्दावर जगतो, आंधळ्याला ते ठाऊक असतं आणि डोळसाला नसतं, एवढाच फरक. पुस्तकाचं नाव झालं. शेजारच्या गीसेन शहरातून बोलावणं आलं. ते पत्र आल्मूटने अंगणात, माझ्या सीटवर हात ठेवून वाचून दाखवलं आणि शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही स्टेशनवर जायचो. प्राध्यापकसाहेब मागे, टाय वाऱ्यावर, आणि बायको पुढे. गावातले लोक टोपी काढायचे.

सुख म्हणतात ते हेच असणार. ते फार काळ टिकलं नाही.

हाम्बुर्गला ट्रेप्टे नावाचे एक बुजुर्ग प्राध्यापक होते. त्यांनी एगोनच्या पुस्तकावर एका नियतकालिकात लांबलचक लेख लिहिला. आल्मूटने तो बंधाऱ्यावरच्या बाकावर वाचून दाखवला. मी ऐकत होते. एका जागी ती थांबली. पाणी प्यायली. मग पुढे वाचू लागली. लेख कडक होता, पण मानाने लिहिलेला होता. एगोन खूश झाला. "बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं बोललाय म्हातारा," तो म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात मारबुर्गला तत्त्वज्ञांची परिषद भरली. मी सभागृहाच्या भिंतीला टेकून उभी होते. उकाड्यामुळे वरच्या खिडक्या उघड्या होत्या. एगोनचा आवाज खाली स्पष्ट येत होता. भाषणाच्या सुरुवातीला त्याने ट्रेप्टेंचे जाहीर आभार मानले. म्हणाला, "माझ्या टीकाकारांनी माझ्या मुद्द्यांना उत्तरं दिली. माझ्या डोळ्यांचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही. एवढा मान मला आजवर कोणी दिला नव्हता."

आत कोणीतरी हसलं. मग एक तरुण आवाज, घाबरलेला, पण बोलून मोकळा होणारा. "माफ करा, पण त्यांनी तर लिहिलंय." आणि त्याने वाचलं. "'लेखकाने आपल्या गरजेलाच पुरावा मानलं आहे. जो टेकल्याशिवाय उभा राहू शकत नाही, तो भिंतीचं गुणगान करणारच.'"

पुढे काय झालं ते मला ऐकू आलं नाही. सगळे एकदम बोलू लागले होते.

घरी जाताना एगोनचे पाय पायडलवर होते, पण त्यांत जोर नव्हता. माझी दोन्ही पायडलं एकाच साखळीला बांधलेली, त्यामुळे पाय फिरायचे तेवढे फिरत होते. आल्मूट एकटी ओढत होती. अंगणात उतरल्यावर तो आत गेला नाही. माझं मागचं हँडल धरून उभा राहिला.

"आणखी काय काय गाळलंस?"

"एगोन, तेवढं एकच वाक्य. ते वाक्य मुद्द्याचं नव्हतं. विषारी होतं नुसतं."

"मुद्द्याचं आहे की नाही, ते मी ठरवलं असतं. मी विचारतोय, याआधी काय गाळलंस?"

आल्मूट काही बोलली नाही. ती लगेच 'काही नाही' म्हणाली असती, तर कदाचित सगळं निभावलं असतं. पण तिला त्याच्याशी उघड खोटं बोलता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ते बगळे?"

"काही खरे होते," ती म्हणाली.

एगोनने हँडल सोडलं. भिंत चाचपडत तो एकटा घरात गेला.

त्यानंतर भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं. एगोनने वाचनासाठी विद्यार्थी ठेवले. एकाने वाचलेलं दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. स्टेशनवर पांढरी काठी घेऊन एकटा चालत जायला शिकला. आल्मूटने ताटात बटाटे आणि हिरवी चटणी वाढली की म्हणायचा, "आभारी आहे, आल्मूट." हे तो अगदी नीट, सभ्यपणे म्हणायचा. खिडकीतून ते शब्द ऐकू आले की मला वाटायचं, माझ्या साखळीवर कोणीतरी वाळू टाकतंय.

मला मागच्या खोपटात ठेवलं. फावडी, कुंड्या, सफरचंदांची खोकी आणि मी.

एगोनने दुसरं पुस्तक लिहिलं, 'उसनं ज्ञान'. पहिल्या पुस्तकाचा प्रत्येक शब्द त्याने त्यात खोडून काढला. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं ते ज्ञान नव्हेच, ते फार तर उधारीचं नाणं, आणि वाजवून घेतल्याशिवाय नाण्याला किंमत नाही. या पुस्तकानं तो खरा मोठा झाला. परदेशांतून बोलावणी आली, पदक मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. ज्या ट्रेप्टेंनी ते वाक्य लिहिलं होतं, त्यांनीही मोकळेपणाने पाठ थोपटली म्हणे.

आल्मूटने ते पुस्तक खोपटात बसून वाचलं. दुपारच्या उन्हाचा पट्टा दारातून यायचा, त्यात उलट्या कुंडीवर ती बसायची. रोज थोडं थोडं. संपलं त्या दिवशी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. कोणाशी बोलत होती कोण जाणे, माझ्याशीच असेल. म्हणाली, "पान न् पान बरोबर आहे. मला कुठेही बोट ठेवता येत नाही."

आणि मग उठून तिने माझ्या साखळीला तेल घातलं. दर वसंतात घालायची, तसंच.

वर्षं गेली. एगोन निवृत्त झाला. विद्यार्थी येईनासे झाले, कारण आता लिहायचं असं काही उरलं नव्हतं. घरात दोघंच. एका सप्टेंबरात, आलुबुखार पिकून अंगणात पडत होते तेव्हा, खोपटाशी काठीचा आवाज आला. आल्मूट आत कुंड्या लावत होती.

"आल्मूट, ती सायकल आहे का अजून?"

"आहे."

"चालते?"

"चालेल. दरवर्षी तेल घालते मी."

त्याने काठी दाराच्या चौकटीला टेकवली. "मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारतोय. जाऊया का? बंधाऱ्यापर्यंत?"

तिने हातातली कुंडी खाली ठेवली, हात पुसले, मग म्हणाली, "चल."

आम्ही निघालो. सुरुवातीला तिघंही डगमगलो. मग वळण आलं, ती कलली आणि तो कलला. मला वाटलं, इतकी वर्षं गेलीच नाहीत. पण थोडं पुढे गेल्यावर मला कळलं, की पुढच्या पायडलवर भार नाही. आल्मूटचे पाय फिरत होते तेवढेच. सगळा जोर मागून येत होता. आणि जे मला कळलं, ते माझ्या साखळीतून एगोनलाही कळलं. आंधळ्या माणसाचे पाय डोळसाहून शहाणे असतात.

"आल्मूट, तू पायडल मारत नाहीयेस."

"दमले जरा."

"बरं," एगोन म्हणाला.

त्याने आणखी काही विचारलं नाही. पुस्तकात आयुष्यभर प्रत्येक नाणं वाजवून घेणारा माणूस, त्याने हे नाणं तसंच खिशात टाकलं आणि म्हातारे पाय दाबत आम्हा दोघींना बंधाऱ्यापर्यंत ओढत नेलं, परत आणलं. नदीवर काय दिसतंय हेही त्याने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. मला वाटलं, आजचा पहिलाच दिवस आहे, पुढच्या खेपेला विचारेल.

पुढची खेप आली नाही. आल्मूटच्या पोटात गाठ होती आणि ते तिला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. एगोनला तिने नाताळच्या आधी सांगितलं, लपवणं अशक्य झालं तेव्हा. फेब्रुवारीत, लान नदीच्या काठावर बर्फ असताना, ती गेली.

तिची भाची विब्के घर आवरायला आली. खोपटातली खोकी उचलताना तिने विचारलं, "काका, तुम्हाला खरंच काही कळलं नव्हतं?"

"कळलं होतं. या सायकलवर कळलं."

"मग विचारलं का नाही?"

एगोन उलट्या कुंडीवर बसला होता. "विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आणि मी विचारलं नाही म्हणून तिला वाटलं असेल, याला कळलंसुद्धा नाही. तिने ते एकटीनं वागवलं, विब्के. सगळी पानगळ एकटीनं."

विब्केने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

काही दिवसांनी प्रकाशकाचं पत्र आलं. 'उसनं ज्ञान' पुन्हा छापायचं होतं, नवी प्रस्तावना हवी होती. विब्केने दाराशी उभं राहून ते वाचून दाखवलं.

"प्रस्तावना नको म्हणून कळव. आहे तसं छापा. तर्कात काही चूक नाही."

"मग काका, तुम्ही असे..."

"चूक तर्कात नव्हती, पोरी."

तो आता वृद्धाश्रमात राहायला जाणार होता. मला कोणाला तरी द्यायचं ठरलं. एका शनिवारी कासेलहून हे जोडपं आलं, यान आणि त्याची बायको फेन्या. मला अंगणात काढलं. कोणी कुठे बसायचं यावरून त्यांचं तिथेच जुंपलं.

"तू पुढे बसलास तर मी आधीच सांगते, मी मागे नुसते पाय हलवणार," फेन्या म्हणाली.

"तशीही तू तेच करशील."

मग यानने एगोनला विचारलं, "आजोबा, चालवायला कशी आहे ही? एका बाजूला ओढते का?"

"मला काय ठाऊक?" एगोन म्हणाला. "मी मागे बसायचो. चालवायची ती."

एगोन पुढे आला. आधी त्याला माझी मागची सीट सापडली, ती त्याच्या ओळखीची. मग त्याचा हात पुढे सरकला. पुढची सीट, दांडा, आणि मग पुढचं हँडल. मला तेव्हा लक्षात आलं, की आजवर त्याने ते कधी हाताळलंच नव्हतं. हँडलच्या रबरी मुठी आल्मूटच्या बोटांनी झिजल्या होत्या. चार बोटांचे चार खळगे, अंगठ्याचा एक, उजवीकडचा अंमळ खोल, कारण भीती वाटली की ती उजवा हात आवळायची. एगोनने त्या खळग्यांत आपली बोटं ठेवून पाहिली. मावली नाहीत. तिचा हात लहान होता.

"या मुठी तेवढ्या मला काढून द्याल का?" तो म्हणाला. "तुम्हाला नव्या घालता येतील."

यानने चाकूने सोडवून त्या काढल्या. एगोनने त्या कोटाच्या खिशात ठेवल्या.

आता माझ्या हँडलवर नव्या लाल मुठी आहेत. अजून गुळगुळीत आहेत, कोणाच्याच झालेल्या नाहीत. रविवारी हे दोघं मला फुल्डा नदीकाठी नेतात, फेन्या पुढे बसते, सारखी बोलते. माझं त्यांच्याकडे, आणि ऐकताय म्हणून तुमच्याकडेही, एकच मागणं आहे. पुढे बसलेलं माणूस दमलं म्हणालं, तर नुसतं 'बरं' म्हणू नका. थांबा. उतरा. त्याच्या समोर जाऊन उभे राहा.

एगोनचा निरोप मला नीट घेता आला नाही. मला गाडीवर बांधलं तेव्हा तो फाटकाशी उभा होता. विब्के म्हणाली, "काका, निघाले ते. हात हलवा." तो हलवणार होता, मला वाटतं. पण हात कोटाच्या खिशात होता, आणि त्याने तो बाहेर काढला नाही.